‘रफ छान आहे, आता फायनल रंगात द्या’: संपादक आणि प्रकाशकांना खुलं पत्र

प्रति,
दिवाळी अंकांचे संपादक, बालपुस्तकांचे प्रकाशक, कलानिर्देशक आणि प्रीप्रेसचं (छपाईपूर्व तयारीचं) काम पाहणारी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

रंगीत पेन्सिलीत पूर्ण केलेलं चित्र हाती पडलं की तुमच्यापैकी अनेकांकडून एक ठरलेला निरोप येतो: ‘रफ छान आहे, आता फायनल रंगात द्या.’ चित्र फायनलच असतं आणि रंगातच असतं. पण पेन्सिल म्हटली की कच्चं काम आणि रंग म्हटला की ब्रश किंवा टॅबलेट, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की समोरच्या कागदावरचे दहा थर दिसतच नाहीत.

ज्यांनी एकदोनदा हे माध्यम छापून पाहिलं आहे, त्यांचे आक्षेप मात्र नेमके असतात. चित्र छपाईत फिकं पडतं. खरखरीत, दाणेदार दिसतं. वेळेत येत नाही. आणि शेवटच्या घडीला बदल सांगितला तर चित्रकार हात वर करतो. चारही आक्षेप खरे आहेत. पण त्यांचं मूळ शोधायला गेलं तर ते बहुतेक वेळा कागदात, स्कॅनरमध्ये आणि कामाच्या वेळापत्रकात सापडतं. यातला कागद आमच्या हातात आहे, उरलेल्या दोन गोष्टी तुमच्या. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी, ‘रंगीत पेन्सिल म्हणजे शाळकरी माध्यम’ हा जो शेरा आम्हाला नेहमी ऐकावा लागतो, त्याबद्दल. त्याचा उगम कंपासपेटीशेजारच्या बारा रंगांच्या खोक्यात आहे, आणि त्या खोक्यापुरता तो बरोबरही आहे. शाळेच्या पेन्सिलीत रंगद्रव्य कमी आणि चिनीमाती, शंखजिऱ्यासारखी भर जास्त असते. मेण कडक असतं. कितीही दाबा, रंग एका मर्यादेपुढे गडद होत नाही, कागद तेवढा चकाकतो. चित्रकारांसाठी बनवलेल्या पेन्सिलीत रंगद्रव्य भरपूर असतं, मेणाचं किंवा तेलाचं बंधन (रंगाचे कण धरून ठेवणारा पदार्थ) मऊ असतं आणि कांडी जाड, साधारण पावणेचार मिलिमीटरची असते. फाबर-कास्टेलची पॉलिक्रोमोस १९०८पासून बनते आहे आणि आज तिच्यात १२० रंग आहेत. रंग उन्हात किती टिकतो हे मोजण्यासाठी खास रंगीत पेन्सिलींचं अमेरिकी मानक आहे, एएसटीएम डी ६९०१. त्याच आकड्यावरून कारान दाश या स्विस कंपनीनं आपल्या एका मालिकेचं नाव ल्युमिनन्स ६९०१ ठेवलं. नुसत्या शाळकरी माध्यमाचा रंग किती टिकतो हे मोजायला कोणी मानक बनवत नाही.

आणि हे माध्यम छापून झालेलं आहे, तुम्ही पाहिलेलंही आहे. रेमंड ब्रिग्ज यांचं ‘द स्नोमॅन’ हे शब्दांविना चालणारं चित्रपुस्तक (१९७८) अख्खं रंगीत पेन्सिलीत आहे. ‘बॅक टू द फ्यूचर’चं पोस्टर करणारे ड्रू स्ट्रुझन जेसो (पांढरं अस्तर) लावलेल्या बोर्डावर एअरब्रशनं अ‍ॅक्रिलिकचे पातळ थर द्यायचे आणि चेहऱ्यांचं सगळं बारीक काम वरून रंगीत पेन्सिलीनं करायचे. माँट्रियलचे फ्रेडरिक बॅक यांनी प्लास्टिकच्या दुधी अ‍ॅसिटेटवर रंगीत पेन्सिलीनं हजारो चित्रं काढून अ‍ॅनिमेशनपट केले आणि त्यांतल्या दोन पटांना ऑस्कर मिळालं.

मग आपल्याकडेच ही नजर का नाही? आमच्या मते कारण छपाईच्या इतिहासात आहे. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी ‘अंकाचं चित्र’ कसं असावं हे मराठी वाचकाला शिकवलं. तो काळ ब्लॉकचा, म्हणजे धातूच्या ठशांवरून छापण्याचा. त्या छपाईला ठाम, भरीव रंग मानवायचे. पेन्सिलीची विरळ छटा ब्लॉकमध्ये टिकवणं जिकिरीचं होतं. त्यामुळे ब्रशचं चित्र छापायचं आणि पेन्सिलीचं खणात ठेवायचं, अशी वाटणी झाली. ब्लॉक गेले, ऑफसेट जुनं झालं, वाटणी राहिली.

आता काम कसं होतं ते एकदा जवळून पाहा, म्हणजे पुढच्या मागण्या कशासाठी आहेत ते कळेल.

समजा, गोष्टीत एक पितळी तांब्या आहे. जलरंगात तो तासाभरात होईल. पेन्सिलीत आधी जिथं उजेड थेट चमकतो ती जागा कोरी सोडायची, कारण इथला खरा पांढरा म्हणजे कागदच. पांढरी पेन्सिल वरून फिरवून तो परत मिळत नाही. बाकी सगळ्या तांब्यावर क्रीमचा हलका थर. त्यावर यलो ऑकर, दाब इतका कमी की पेन्सिल आपल्याच वजनानं चालावी. मग प्रतिबिंबांच्या कडांना बर्न्ट सिएना, तळाशी ऑलिव्ह हिरवा, खिडकीकडच्या बाजूला अगदी पुसट आकाशी, कारण पितळ आजूबाजूचं सगळं उचलतं. सर्वांत गडद जागी काळी पेन्सिल लावायची नाही. तिथं इंडिगो, त्यावर सेपिया, त्यावर थोडा क्रिमझन. तिन्ही मिळून जो काळोख होतो त्यात खोली असते, नुसत्या काळ्यानं तिथं भोक पडल्यासारखं दिसतं. सहा-सात थर झाले की पुन्हा क्रीम घेऊन, या वेळी दाबून, सगळं एकजीव करायचं. याला आम्ही बर्निशिंग म्हणतो. कागदाच्या खळग्यांतला पांढरा इथं बुजतो आणि तांब्या धातूचा दिसायला लागतो. शेवटी ताज्या टोकाच्या सेपियानं कडा परत धारदार करायच्या. तीन इंची तांब्याला तीन ते चार तास लागतात.

हे वाचून कोणी म्हणेल, मग जलरंगातच करा ना. तांब्या कराही. पण गोधडी घ्या. गोधडीची जुनी सुती साडी, तिच्यावरचे धावदोऱ्याचे टाके, प्रत्येक टाक्याशेजारी कापडाला पडलेली छोटी घडी: इथं पेन्सिलीला तोड नाही. कापडावर फिकट पिवळ्याचा एक थर द्यायचा, मग संपलेल्या बॉलपेननं किंवा बोथट सुईनं एकेक टाका कागदात दाबून घ्यायचा. वरून लाल, निळा, जांभळा, काहीही आडवं चालवा. पेन्सिल त्या खाचेत उतरत नाही आणि टाका पिवळाच राहतो. जर आधी कोरा कागदच दाबला तर टाका पांढरा राहील. म्हणजे टाक्याचा रंग खाच पाडण्याआधी ठरतो, नंतर नाही. ही साधी गोष्ट विसरली की पूर्ण गोधडी वाया जाते. म्हाताऱ्या हाताची कातडी, पैठणीची जर, कोंबड्याची मान, फणसाची साल, ज्या ज्या ठिकाणी पृष्ठभागच गोष्ट सांगतो तिथं हे माध्यम मागून घ्या.

सगळीकडे वापरा असं आम्ही म्हणत नाही. न्यूजप्रिंटवर निघणाऱ्या रविवार पुरवणीसाठी पेन्सिलीचं चित्र देऊ नये; तिथं स्क्रीन (छपाईच्या ठिपक्यांची जाळी) जाड, शाई पसरते, फिक्या छटा मरतात. त्याला पेन आणि शाईच बरी. दोन दिवसांत हवं असलेलं चित्रही पेन्सिलीत मागू नका.

दाणेदारपणाच्या आक्षेपात मोठा वाटा कागदाचा आहे, आणि इथं चूक आमच्यातल्याही बऱ्याच जणांची होते. कागदाला ‘दात’ लागतो, म्हणजे रंग पकडून ठेवणारी सूक्ष्म खरखर. आर्ट कार्ड गुळगुळीत. दोन-तीन थरांनंतर पेन्सिल घसरायला लागते. जाड दाण्याच्या कोल्ड प्रेस जलरंग कागदावर खळगे इतके खोल असतात की पांढरे ठिपके बुजतच नाहीत. साध्या ड्रॉइंगच्या कागदाचे तंतू दाब सहन करत नाहीत, चौथ्या-पाचव्या थराला लव सुटते. पुनर्मुद्रणासाठी सगळ्यांत भरवशाचा म्हणजे ३०० जीएसएमचा हॉट प्रेस, म्हणजे बारीक दाण्याचा, सुती कागद. आठ ते बारा थर तो घेतो. व्हेलम पृष्ठभागाचा ब्रिस्टल बोर्ड त्याच्या खालोखाल. वेळ कमी असेल तर मध्यम रंगाचा टिंटेड कागद घ्यावा. मधली छटा कागदच देतो, चित्रकारानं फक्त उजेड आणि सावली भरायची. त्यात मी-टांतसारख्या कागदाची जाळीदार बाजू टाळून उलटी, मऊ बाजू वापरायची, नाहीतर छापल्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी चित्रभर उमटते.

पावसाळ्याचा इथं थेट संबंध आहे, कारण दिवाळी अंकाची चित्रं नेमकी पावसाळ्यातच होतात. मुंबईत आणि कोकणात दमट हवेत कागद पाणी पितो, दात नरम पडतो आणि टोकदार पेन्सिल रंग लावण्याऐवजी कागद खरवडते. कागद किंचित फुगून लाटाही येतात. या लाटा डोळ्याला खटकत नाहीत, पण स्कॅनरला खटकतात. ते पुढे येईलच. उपाय साधा: कागद हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह, काम चालू नसेल तेव्हा चित्रही दोन बोर्डांमध्ये दाबून. उलट एप्रिल-मेच्या उकाड्यात मेणाची पेन्सिल इतकी मऊ होते की टोक पाच रेघांत बोथट होतं आणि रंग नको तितका बसतो. तेव्हा तेलाच्या बंधनाची, जरा कडक पेन्सिल बरी पडते. चित्रकार ‘उन्हाळ्यात हे रंग वापरत नाही’ म्हणाला तर ते नखरे नाहीत.

आता बदलांकडे. रंगीत पेन्सिलीचा थर विरळ असेपर्यंत मळता खोडरबर किंवा चिकट पुट्टी थोपटून बराचसा उचलता येतो. किरमिजी आणि जांभळे रंग तेव्हाही डाग ठेवून जातात. एकदा बर्निशिंग झालं की परतीचा रस्ता बंद. ‘साडी हिरवी आहे ती लाल करा’ ही सूचना त्या टप्प्यावर आली तर हिरव्यावर लाल चढवून तपकिरी साडी मिळेल. टर्पेंटाइननं किंवा व्हाइट स्पिरिटनं मेण विरघळवून रंग पसरवता येतो, काढता येत नाही.

म्हणून मंजुरीचे टप्पे ठरवून घ्या. पहिला रफ, पांढऱ्या कागदावर, रचनेपुरता. दुसरा रंगाचा नमुना, मूळ चित्राच्या चतुर्थांश आकारात, दीड-दोन तासांत होणारा. साडी लाल की हिरवी, दिवेलागण की दुपार, हे सगळं इथंच बोलून घ्यायचं. तिसरा टप्पा अर्ध्यावर, तीन-चार थरांचं चित्र. इथं छोट्या दुरुस्त्या चालतात. त्यानंतर फक्त वाट पाहायची. आणि रफवर सही करताना एक ध्यानात असू द्या: मूळ कागदावर साध्या शिसपेन्सिलीनं पक्की बाह्यरेषा काढून मागू नका. शिसपेन्सिलीचं ग्राफाइट मेणाखाली कोंडलं जातं, मग ते खोडता येत नाही आणि वरचा पिवळा कळकट हिरवट होतो. रेषा वेगळ्या कागदावर मंजूर करा. चित्रकार ती लाइटबॉक्सवर ठेवून फिक्या रंगाच्या पेन्सिलीनं मूळ कागदावर उतरवेल.

आता स्कॅनिंग. या पत्रातलं फक्त एकच प्रकरण वाचायला वेळ असेल तर हे वाचा, कारण आमची निम्मी चित्रं इथं मरतात.

ऑफिसातलं प्रिंटर-स्कॅनर-झेरॉक्स असं तिन्ही करणारं यंत्र बहुधा सीआयएस सेन्सरचं असतं. काचेला चिकटलेलं तेवढंच त्याला स्पष्ट दिसतं. पावसाळ्यात लाट आलेला कागद काचेपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर राहिला की तेवढा पट्टा धूसर. सीसीडी सेन्सरचा फ्लॅटबेड वापरा. काचेपासून थोडं वर राहिलेलंही त्याला स्पष्ट दिसतं. स्कॅन मूळ आकाराला ६०० डीपीआय, प्रत्येक चॅनलला १६ बिट, आरजीबीमध्ये. ए-३ चित्राची ही फाइल ४०० एमबीच्या आसपास जाते. मोठी आहे, हे मान्य. पण दुरुस्त्या त्या फाइलवर करून शेवटी ८ बिटची करता येते, उलटं करता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छापायला पाठवणाऱ्यांना आम्ही काय सांगणार!

स्कॅनरचा दिवा एका बाजूनं तिरपा पडतो. कागदाच्या प्रत्येक उंचवट्याला एक उजळ बाजू आणि एक सावली मिळते, आणि प्रत्यक्षात न दिसणारी खरखर पडद्यावर वाळूसारखी दिसते. मग स्कॅनरचं ‘ऑटो शार्पन’ चालू असेल तर ते हीच वाळू धारदार करतं. शार्पन बंद ठेवा. मोठ्या मुखपृष्ठासाठी एकदा सरळ आणि एकदा १८० अंश फिरवून असे दोन स्कॅन घेऊन निम्म्या पारदर्शकतेनं एकावर एक ठेवले की दोन्हीकडच्या सावल्या एकमेकींना मारतात. बर्निशिंग केलेल्या जागा मेणामुळे चमकतात, तिथं पांढुरकी झाक येते. असं चित्र स्कॅन न करता फोटो काढणं योग्य. दोन दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर त्याच्या काटकोनात फिरवलेला पोलरायझर. चमक जाते, खालचा रंग भरीव येतो. स्कॅनआधी पेन्सिलीचा भुगा मऊ ब्रशनं झाडायचा, हातानं कधीही नाही. हात फिरला की इंडिगोचा कण क्रीम आकाशावरून रेघ ओढत जातो.

‘ऑटो लेव्हल्स’ हे दुसरं मारेकरी बटन. ते प्रत्येक चित्रातला सर्वांत उजळ बिंदू पांढरा आणि सर्वांत गडद बिंदू काळा करून टाकतं. एकट्या चित्रात खपून जाईल. सोळा पानांच्या बालपुस्तकात मात्र प्रत्येक पान वेगळं ताणलं जातं आणि पहिल्या पानावरच्या मुलीचा जांभळा परकर पाचव्या पानावर निळा होतो. त्याहून वाईट हाल कातडीच्या रंगाचे. सावळी त्वचा आम्ही बर्न्ट सिएना, ऑकर आणि सावलीत जांभळ्या-निळ्याच्या थरांनी बांधतो. यंत्राला तो निळा ‘कास्ट’, म्हणजे चुकून आलेली झाक, वाटतो, ते तो काढून टाकतं, आणि गोष्टीतली साताऱ्याची आजी गुलाबी गोरी होऊन छापली जाते. सगळी चित्रं एका बैठकीत, एकाच सेटिंगवर, शेजारी करडं कार्ड ठेवून स्कॅन करा. दुरुस्ती त्या कार्डावरून एकदा ठरवा आणि सगळ्या पानांना तीच लावा.

चित्र फिकं पडतं त्याचं कारणही इथंच आहे. पेन्सिलीचा सर्वांत गडद भाग छपाईच्या काळ्याइतका गडद कधीच नसतो. स्कॅन जसाच्या तसा सोडला तर पान धुतल्यासारखं दिसणारच. काळा बिंदू हातानं ठरवून, आर्ट पेपरसाठी एकूण शाई (छपाईच्या चारही शाईंच्या टक्क्यांची बेरीज) ३०० टक्क्यांच्या आत ठेवत गडद भाग खाली आणावे लागतात. मात्र त्याच झटक्यात पांढरा बिंदू वर ढकलू नका. गालावरची, आभाळातली पहिली छटा दोन-तीन टक्क्यांची असते. कागद पांढराशुभ्र करायच्या नादात ती पुसली जाते आणि चेहऱ्याच्या मधोमध भोक राहतं. चित्राबाहेरचा कागद पांढरा करायचाय ना? मास्क करून फक्त बाहेरचा करा. आणखी एक: झगझगीत गुलाबी आणि काही जांभळे रंग चार शाईंत बसतच नाहीत. चित्रकाराला आधी सांगा, तो दुसरा गुलाबी निवडेल.

मूळ चित्र छापायच्या आकारापेक्षा मोठं असावं. ७५ ते ८० टक्क्यांना लहान केलं की दाणा आपोआप आवळतो. अंकात कोपऱ्यात छापायला दिलेलं चित्र आवडलं म्हणून मुखपृष्ठावर १५० टक्क्यांनी मोठं करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तिथं दिसते ती खरखर चित्रकाराची नव्हे.

छपाईच्या कागदाबद्दल आमची पसंती मॅट आर्ट पेपरला, १३० जीएसएमच्या आसपास. ग्लॉसवर बारकावे राहतात पण पेन्सिलीचा कोरडेपणा जातो. मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या साध्या छपाईच्या कागदावर, दाणा फार सुंदर मिसळतो, फक्त शाई पसरून मधल्या छटा जड होतात. म्हणून मधल्या छटा आधीच थोड्या उजळायच्या आणि एकूण शाईही कमी धरायची. मुखपृष्ठाला ग्लॉस लॅमिनेशन असेल तर रंग अजून गडद दिसतील. हे प्रूफवर ठरवा, मॉनिटरवर नाही.

वेळेचा हिशेब सरळ मांडतो. ए-४ आकाराचं, कडेपर्यंत भरलेलं, बर्निश केलेलं चित्र ३० ते ४० तास खातं. तेवढंच चित्र, पण पार्श्वभूमी मोकळी सोडलेली, १२ ते १५ तासांत होतं. खाली जलरंगाचा किंवा पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिलीचा हात मारून वर सुकी पेन्सिल चालवली तर भरीव चित्रही २० तासांच्या आत येतं, आणि खालचे खळगे रंगलेले असल्यामुळे पांढरे ठिपकेही कमी. म्हणजे वेळ खाते ती पार्श्वभूमी. तिथं तुम्हीच मदत करू शकता. सपाट पिवळी भिंत हवी असेल तर ती आमच्याकडून पेन्सिलीत भरून घेऊ नका. आकृत्या आम्ही काढतो, भिंतीचा रंग कॉम्प्युटरवर टाका. आकृती सिलेक्शननं कापून चिकटवली तर कात्रीची कड दिसते, कारण पेन्सिलीची कड मुळात विरत गेलेली असते. स्कॅनचा लेअर ‘मल्टिप्लाय’वर (खालचा रंग वरच्या चित्रातून दिसू देणाऱ्या सेटिंगवर) ठेवला की ती कड रंगात मिसळते. हे फक्त फिक्या पार्श्वभूमीवर चालतं. गडद निळ्यावर मल्टिप्लाय केलं तर आकृतीच बुडेल.

गणपती बसल्यावर फोन करून पंधरा दिवसांत चार पूर्ण पानं मागितली, तर चित्रकार एक तर नाही म्हणेल किंवा थर कमी करील. थर कमी म्हणजे पांढरे ठिपके, आणि ठिपके म्हणजे ‘पेन्सिल छपाईत चांगली येत नाही’. काम आषाढीच्या सुमाराला सांगा. मानधनही पानावर न ठरवता पृष्ठभाग आणि भरीवपणा पाहून ठरवा. मोकळ्या चित्राला आणि भरीव चित्राला एकच दर लावणं कोणालाच परवडत नाही.

हक्कांचा मुद्दा लेखी हवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार, मोबदला देऊन करवून घेतलेल्या ‘पेंटिंग’ किंवा ‘पोर्ट्रेट’चा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे जातो. त्याच कायद्याच्या व्याख्येत ‘ड्रॉइंग’ मात्र पेंटिंगहून वेगळं मोजलं आहे, आणि कलम १७च्या त्या वाक्यात ड्रॉइंग हा शब्द नाही. आता रंगीत पेन्सिलीचं बारा थरांचं चित्र यातलं काय? गंमत म्हणजे छापताना तुम्ही त्याला ‘ड्रॉइंग’ म्हणता आणि हक्क घेताना ‘पेंटिंग’. वकिलांना यावर खुशाल भांडू द्या. आपण दोन ओळींच्या पत्रात लिहून टाकू की छपाईचा हक्क या अंकापुरता, मूळ चित्र चित्रकाराचं.

मूळ चित्र परत द्यायचं आहे, हे गृहीत धरूनच ते हाताळा. मेण जास्त असलेल्या पेन्सिलीच्या गडद, दाट भागांवर काही दिवसांत दुधी पापुद्रा येतो; मेण वर येतं, त्याला वॅक्स ब्लूम म्हणतात. बुरशी नव्हे. चित्र महिनाभर टेबलावर पडून मग स्कॅन झालं तर इंडिगोची रात्र राखाडी छापली जाते आणि दोष रंगाला लागतो. मऊ सुती कापडानं हलक्या हातानं पुसलं की पापुद्रा जातो. चित्र आलं की आठवड्याच्या आत स्कॅन करा. फिक्सेटिव्ह (रंग कागदावर पक्का करणारा फवारा) स्कॅननंतर, चित्रकारालाच मारू द्या: एक फुटावरून, दोन-तीन पातळ फवारे, उघड्या गच्चीवर, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावून. वर ज्यांचं नाव आलं त्या फ्रेडरिक बॅक यांची एका डोळ्याची दृष्टी फिक्सेटिव्हमुळेच गेली.

परत पाठवताना चित्राची गुंडाळी करू नका, बर्निश केलेल्या थराला चिरा जातात. वर ग्लासिन किंवा बटर पेपर, तो चारही कडांना मागं दुमडून मागच्या बाजूला चिकटवलेला, म्हणजे प्रवासात घासणार नाही. दोन्ही बाजूंना कोरुगेटेड बोर्ड, एकाच्या पन्हाळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, सगळ्याला बाहेरून प्लास्टिक. बुडबुड्यांची प्लास्टिक शीट थेट चित्रावर नको. उन्हात उभ्या असलेल्या कुरिअरच्या गाडीत तिचे गोल मेणात उमटतात.

कळावे,

आपले,
रंगीत पेन्सिलीत काम करणारे काही चित्रकार